पोकेमॉन शोडाउन: सहाही तगडे घेतले तरी लॅडरवर हरतोय, टीम कशी बांधू?

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर २०२४, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. गौरी-गणपतीसाठी सांगलीला घरी आलोय. सगळी भावंडं जमलीत, दुपारची जेवणं आटोपली की जो तो मोबाइल घेऊन पोकेमॉन शोडाउनवर, म्हणजे सहा-सहा पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींच्या खेळावर. घरात मला कोणी हरवू शकत नाही. पण लॅडरवर (ऑनलाइन गुणांच्या क्रमवारीत) गेलो की १००० पासून ११५०-१२०० पर्यंत चढतो आणि तिथून परत खाली येतो. नववी पिढी, ओयू (सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा गट). टीम अशी आहे (लाइफ ऑर्ब, चॉइस स्पेक्स, चॉइस स्कार्फ या हातातल्या वस्तू, बाकी चाली):

चारिझार्ड: लाइफ ऑर्ब. फ्लेमथ्रोअर, एअर स्लॅश, फोकस ब्लास्ट, ड्रॅगन पल्स.
ड्रॅगापल्ट: चॉइस स्पेक्स.
आयर्न व्हॅलियंट: चारही हल्ले.
किंगॅम्बिट: स्वोर्ड्स डान्स, सकर पंच, काउटाउ क्लीव्ह, आयर्न हेड.
गारचॉम्प: लाइफ ऑर्ब, स्वोर्ड्स डान्स.
गोल्डेंगो: चॉइस स्कार्फ, मॉडेस्ट नेचर (स्पेशल अटॅक वाढवणारा स्वभाव).

एकेकाची ताकद बघितली तर कोणीच कमी नाही. मग कोणाला काढू आणि कोणाला घेऊ? चारिझार्ड शक्यतो राहू दे, तो लहानपणापासूनचा आहे.

---

जुना_ट्रेनर | १२ सप्टेंबर २०२४, रात्री ११:४८

कृष्णाकाठ, टीम टाकलीस ते बरं केलंस. "हरतोय, काय करू" एवढंच लिहून लोक गायब होतात, मग कोणी काय सांगणार?

कागद घे. तुझी टीम जिंकते तेव्हा शेवटचा फटका कोण मारतो ते एका ओळीत लिही. "किंगॅम्बिट शेवटी येऊन साफ करतो", "ड्रॅगापल्ट भिंती फोडतो आणि मागून गोल्डेंगो उरलेले उचलतो", असं काहीतरी. ती ओळ लिहिता आली नाही तर तुझ्याकडे सहा पोकेमॉन आहेत, टीम अजून नाही. सातही जण चढाईपटू घेऊन कबड्डीला उतरलास तर पकड कोण करणार? तुझ्या सहांपैकी एकालाही समोरचा मार झेलून परत उभं राहता येत नाही. कोणी पडल्याशिवाय दुसरा मैदानात सुखरूप येऊच शकत नाही, म्हणजे प्रत्येक बदलाला तू एक जीव मोजतोयस.

आता चारिझार्ड. तो फायर आणि फ्लाइंग, त्यामुळे रॉकचा मार चौपट. आपल्या बाजूला स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) पडलेला असेल तर आत येतानाच त्याचं अर्धं रक्त जातं. जास्तीचे गुण न घालता त्याचं एचपी (रक्त) २९७. पहिल्यांदा आला की १४८ गेले, उरले १४९. एक हल्ला केलास की लाइफ ऑर्ब दहा टक्के घेतो, म्हणजे साधारण ३०. उरले १२० च्या आसपास. माघारी बोलावलास की तो संपला, कारण पुढच्या वेळी आत येताच पडणार. ओयूमध्ये स्टेल्थ रॉक जवळपास प्रत्येक डावात पडतो. तुझ्याकडे तो उचलायला कोणी नाही, आणि समोर टाकायलाही कोणी नाही.

तेव्हा जिंकायची वाट आधी ठरव. माझ्या मते ती तुझ्याकडे आहेच, तिचं नाव किंगॅम्बिट.

---

आकडेमोड | १३ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:३२

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फक्त वेगाचं बघते, कारण तिथे एक गोष्ट लगेच सुटण्यासारखी आहे.

गोल्डेंगोचा मूळ वेग ८४. वेगात २५२ ईव्ही (आपण वाटून द्यायचे जास्तीचे गुण) घातले आणि नेचर तटस्थ ठेवलं, तर लेव्हल १०० ला २६७ होतो. त्यावर स्कार्फचा दीडपट, म्हणजे ४००. वाटतं खूप. पण वेग वाढवणारं टिमिड नेचर दिलं तर मूळ २९३ आणि स्कार्फसह ४३९. या दोन आकड्यांच्या मधे कोण बसलंय बघ: पूर्ण वेगाचा झमाझेंटा ४१२, पूर्ण वेगाचा ड्रॅगापल्ट ४२१. म्हणजे तू स्कार्फ ज्यांच्यासाठी बांधलास तेच तुझ्या आधी मारतायत. मॉडेस्ट सोडून टिमिड घेतलंस तर स्पेशल अटॅक ४०१ वरून ३६५ वर येतो. ही किंमत मोजावी, कारण स्कार्फवाल्याचं काम आधी मारणं हे आहे.

नवीन वाचकांसाठी: ईव्ही एकूण ५१०, एका गुणात जास्तीत जास्त २५२. लेव्हल १०० ला ४ ईव्हीचा १ गुण. सगळेच डोळे मिटून २५२-२५२-४ भरतात. चालतं, पण बहुतेक वेळा चांगलं नसतं. आधी विचारायचं की मला कोणाच्या पुढे राहायचंय. त्याच्यापेक्षा एक गुण जास्त मिळाला की थांबायचं. उरलेलं सगळं रक्तात किंवा संरक्षणात.

---

कृष्णाकाठ | १३ सप्टेंबर २०२४, दुपारी १:०५

आकडेमोडताई, टिमिड केलं. आल्या आल्या एक ड्रॅगापल्ट पाडला!

जुना_ट्रेनर दादा, समजा किंगॅम्बिट ठरला. मग बाकीचे पाच कसे निवडायचे? आणि आवडता पोकेमॉन कधी खेळवायचाच नाही का? तसं असेल तर सगळ्यांच्या टीम सारख्याच होतील.

---

पाऊसपाणी | १३ सप्टेंबर २०२४, दुपारी २:२०

रत्नागिरीहून हजर. मी वर्षानुवर्षं पावसाचीच टीम खेळतो, म्हणून "जिंकायची वाट" म्हणजे काय हे माझ्या टीमवरून सांगतो.

पेलिपर आत आला की त्याच्या ड्रिझल या क्षमतेमुळे पाऊस सुरू. पाऊस ५ टर्न, हातात डॅम्प रॉक असेल तर ८. पावसात पाण्याचे हल्ले दीडपट, आणि स्विफ्ट स्विम ही क्षमता असलेल्याचा वेग दुप्पट. बॅरास्क्युडाचा ३७१ चा ७४२ होतो. तुझा स्कार्फ गोल्डेंगोसुद्धा त्याच्या मागे राहतो. माझी ओळ एवढीच: आठ टर्नच्या आत तुझा पाण्याला अडवणारा पाडायचा. टीममधला प्रत्येक जण त्या आठ टर्नसाठी निवडलाय. पेलिपर एकट्याने कोणाला हरवत नाही. पण तो पडला की माझा डाव संपतो, म्हणून मी त्याला जिवापाड जपतो.

तुझ्या टीमवर पाऊस पाडला तर काय होईल? पाण्याचा मार अर्धा करणारा तुझ्याकडे एकटा ड्रॅगापल्ट. तो नाजूक, दोनदा झेलणार नाही. चारिझार्डला दुप्पट. गारचॉम्प ड्रॅगन असला तरी जमिनीचा, म्हणून हिशेब बरोबरीचा. मी तुला आठ टर्नच्या आत संपवीन, आणि यात तुझ्या खेळण्याचा दोष नसेल. डाव टीम बांधतानाच गेलेला असेल.

---

जुना_ट्रेनर | १३ सप्टेंबर २०२४, रात्री १०:१५

पाऊसपाणी यांनी नेमकं सांगितलं. आता पाच जण निवडू.

किंगॅम्बिटची सुप्रीम ओव्हरलॉर्ड ही क्षमता बघ. आपला एक साथीदार पडला की त्याची ताकद १० टक्क्यांनी वाढते, पाच पडले की ५० टक्के. म्हणजे तो शेवटी यायला बांधलेला आहे. काउटाउ क्लीव्ह कधी चुकत नाही, सकर पंच आधी लागतो. त्याचा वेग फक्त ५० असूनही तो डाव संपवतो तो यामुळेच. मग त्याला अडवतं कोण? त्याला लढाऊ मार चौपट लागतो, म्हणून लढाऊ जातीचे. आणि सकर पंचच्या वेळी हल्ला न करता दुसरंच काही करणारे, कारण समोरचा हल्ला करत नसेल तर सकर पंच फुकट जातो. तुझ्या बाकी पाचांचं काम एकच: किंगॅम्बिट आत येईपर्यंत ही माणसं पाडायची किंवा दमवायची.

या नजरेने बघितलं तर आयर्न व्हॅलियंट आणि चारिझार्ड या कामात बसत नाहीत. त्यांच्या जागी हे दोघं घे.

ग्रेट टस्क. रॅपिड स्पिनने आपल्या बाजूचे दगड उचलतो, वर त्याचा स्वतःचा वेग एक पायरी चढतो. जॉली नेचर आणि पूर्ण वेग दिलास तर ३००. समोरचा टिमिड गोल्डेंगो स्कार्फ नसेल तर २९३. हा सात गुणांचा फरक फार मोलाचा. गोल्डेंगो भूत असल्याने त्याला स्पिन लागत नाही, आणि त्याच्या गुड अ‍ॅज गोल्डमुळे त्याच्यासमोर दगड हटवणारी दुसरी चाल, डीफॉगही चालत नाही. दगड टिकवायला लोक त्यालाच मधे टाकतात. पण टस्क समोर असेल तर त्याला पुढच्याच टर्नला हेडलाँग रश खावा लागतो, तोही दुप्पट. नॉक ऑफही दुप्पट. म्हणून समोरचा सहजासहजी गोल्डेंगो आत टाकत नाही.

दुसरा अ‍ॅलोमोमोला. बहुतेक मुलं याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. गुलाबी मासा, हल्ल्यात दम नाही. पण मूळ एचपी १६५. पूर्ण ईव्ही दिले की ५३४. त्याचा विश त्याच्या स्वतःच्या रक्ताच्या निम्मं दुसऱ्याला देतो, म्हणजे २६७. ग्रेट टस्कचं एकूण रक्त, ईव्ही न घालता, ३७१. एका विशमध्ये तो जवळपास तीन चतुर्थांश भरून निघतो. शिवाय रीजनरेटर, म्हणजे बाहेर जाताना मासा स्वतःचं एक तृतीयांश भरून घेतो.

आता यातली खरी गंमत, जी मला या खेळात सगळ्यात जास्त आवडते. पहिल्या टर्नला विश. दुसऱ्या टर्नला फ्लिप टर्न. मासा सावकाश आहे, म्हणून समोरचा आधी मारतो. तो मार मासाच खातो, मग फ्लिप टर्नने आपण आपला माणूस आत आणतो. आत येणाऱ्याला ओरखडाही नाही आणि टर्न संपता संपता विशचं रक्त त्याच्या अंगात. तुझा अर्धमेला ड्रॅगापल्ट असा आत आला की समोरच्याला सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. वेग कमी असणं हाही गुण असतो, तो असा.

गारचॉम्पचा सेट बदल. स्वोर्ड्स डान्स काढ, स्टेल्थ रॉक दे. रफ स्किनमुळे त्याला हात लावून मारणाऱ्याचं एक अष्टमांश रक्त तसंही जातं.

टीम झाली: किंगॅम्बिट, ग्रेट टस्क, अ‍ॅलोमोमोला, गारचॉम्प, ड्रॅगापल्ट, स्कार्फ गोल्डेंगो.

आवडत्या पोकेमॉनचं मी उद्या सविस्तर लिहितो, तो प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

---

रात्रपाळी | १४ सप्टेंबर २०२४, पहाटे ४:१०

माझं मत वेगळं आहे. नवशिक्याने स्वतःची टीम बांधूच नये. स्मोगॉन या साइटवर प्रत्येक टियरच्या (ओयूसारख्या गटाच्या) नमुना टीम दिलेल्या असतात. त्यातली एक उचलावी, एकही सेट न बदलता महिनाभर खेळावी. कारण साधं आहे. टीम तुझी आणि खेळणाराही तूच, मग हरल्यावर चूक टीमची की खेळण्याची हे कसं कळणार? टीम पारखलेली असेल तर हरण्याचं कारण तुझ्या निर्णयातच शोधावं लागतं. शिकणं तिथे होतं.

मी स्वतः स्टॉल (मार झेलत समोरच्याला दमवायची पद्धत) खेळतो. स्टॉलला शिव्या घालणारे बरेच भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की नवव्या पिढीत रिकव्हर, रूस्ट या रक्त भरणाऱ्या चालींचे पीपी (चाल किती वेळा वापरता येते तो आकडा) मूळ ५ वर आणलेत, वाढवून जास्तीत जास्त ८. आठ वेळाच सावरता येतं. प्रत्येक रिकव्हर मोजून वापरावा लागतो. बसून राहिलं की जिंकलो, असं अजिबात नाही.

---

आकडेमोड | १४ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:५०

रात्रपाळी, पहिल्या महिन्यापुरतं मान्य. पण नमुना टीम घेऊन खेळणाऱ्या कित्येकांना विचारा की या पोकेमॉनला हे १६ ईव्ही इथे का दिलेत, उत्तर येत नाही. ते १६ कोणाचा तरी ठरावीक हल्ला झेलायला दिलेले असतात. तो हल्ला कोणता हे माहीतच नसेल, तर तो झेलण्यासाठी तुम्ही त्याला आत आणणारच नाही. टीम उचला, पण प्रत्येक आकड्यापुढे "का" लिहून काढा. डॅमेज कॅल्क्युलेटर फुकट आहे, त्यात टाकून बघा. मार ८५ ते १०० टक्क्यांच्या मधे १६ पायऱ्यांत पडतो. सोळाही पायऱ्यांवर आपण वाचतो की फक्त दहांवर, एवढं बघितलं तरी अर्धं कोडं सुटतं.

"नशीब खराब" म्हणणाऱ्यांसाठीही हेच. फोकस ब्लास्ट ७० टक्के लागतो. डाव जिंकायला तो लागोपाठ दोनदा लागायला हवा असेल तर शक्यता ४९ टक्के. हायड्रो पंप ८० टक्के, दोनदा म्हणजे ६४. ज्या टीमला दर डावात असे दोन-तीन फटके लागायलाच हवेत, ती टीम बांधतानाच निम्मे डाव सोडून देते. क्रिटिकल (जास्त जोराचा फटका) सरासरी २४ मधे एकदा पडणारच, तो कोणाच्या हातात नाही. हल्ले निवडणं मात्र हातात आहे.

---

सहावीची_आई | १४ सप्टेंबर २०२४, दुपारी ३:३०

मधेच विचारते, क्षमस्व. मुलगा सहावीत आहे, मोठ्या मुलांचं बघून हेच खेळतो. यात पैसे लागतात का? अनोळखी लोक बोलतात का? आणि तो सतत वहीत आकडे मांडत बसतो, ते याचंच आहे का?

---

आकडेमोड | १४ सप्टेंबर २०२४, दुपारी ४:०२

ताई, विचारलंत ते योग्यच. शोडाउन ब्राउझरमध्ये चालतं, पूर्ण फुकट आहे. आत विकत घ्यायला काही नाही, हवा तो पोकेमॉन लगेच मिळतो. गप्पांची खिडकी असते, समोरच्याला दुर्लक्षित करायची सोय त्या खिडकीतच आहे. ती त्याला दाखवून ठेवा आणि सुरुवातीला जवळ बसा. निन्टेंडोचा मूळ खेळ मात्र खर्चिक. स्विच, खेळाची प्रत, ऑनलाइन वर्गणी असं सगळं लागतं.

वहीतले आकडे बहुतेक वेगाचे किंवा माराचे असतील. मी शाळेत गणित शिकवते. शक्यता हा धडा मुलांना सांगताना मी हीच उदाहरणं घेते आणि ती त्यांना पटतात. वही एकदा उघडून त्याच्याकडून समजून घ्या, तो आनंदाने सांगेल.

---

स्टुटगार्टचा_पुणेकर | १४ सप्टेंबर २०२४, रात्री ११:५५

धागा वाचून राहवलं नाही. इथे जर्मनीत मी व्हीजीसी खेळतो, म्हणजे अधिकृत स्पर्धांचा प्रकार. गेल्याच महिन्यात होनोलुलूला जागतिक स्पर्धा झाली, इटलीचा लुका चेरिबेली जिंकला.

व्हीजीसीत दोघांविरुद्ध दोघं. सहा जणांची टीम न्यायची, समोरच्याचे सहा बघायचे आणि आपले चार निवडायचे. त्यासाठी ९० सेकंद. सगळे लेव्हल ५०. एकच वस्तू दोघांना देता येत नाही. मोठ्या स्पर्धांत समोरच्याचे हल्ले, वस्तू, क्षमता आणि टेरा प्रकार (डावात एकदा बदलून घेता येणारा प्रकार) आधीच कागदावर दिसतात. ईव्ही आणि नेचर तेवढे झाकलेले.

म्हणून इथे टीम म्हणजे चौकड्यांचा संच. माझ्याकडे पावसासमोर कोणती चौकडी, ट्रिक रूमसमोर कोणती, हे घरूनच ठरलेलं असतं. ज्या पोकेमॉनला कुठल्याच चौकडीत जागा नाही त्याला मी काढतो, कितीही तगडा असो.

१ सप्टेंबर २०२४ पासून रेग्युलेशन एच ही नियमावली सुरू झालीय. लेजंडरी आणि पॅराडॉक्स या खास गटांतले पोकेमॉन बंद. म्हणजे कृष्णाकाठच्या नव्या टीममधला ग्रेट टस्क इथे चालणार नाही, पण किंगॅम्बिट चालतो आणि इथे तो वेगळाच वागतो. समोर इन्सिनरोअर आला की त्याच्या इंटिमिडेट क्षमतेने आपल्या दोघांचाही अटॅक एक पायरी खाली. किंगॅम्बिटला सुप्रीम ओव्हरलॉर्डऐवजी डिफायंट दिलं तर ती एक पायरी उतरताच त्याचा अटॅक उलट दोन पायऱ्या चढतो, म्हणजे एकूण एक पायरी वर. समोरच्याच्या टीममध्ये इन्सिनरोअर आहे पण तो बाहेर काढता येत नाही, अशी कोंडी नुसत्या किंगॅम्बिटच्या दिसण्याने होते. मैदानात न उतरता तो काम करतो.

दुहेरीत वेगाची लढाई सगळ्यात मोठी. टेलविंडने आपला वेग चार टर्न दुप्पट, ट्रिक रूमने पाच टर्न सावकाश तो आधी. दोन्हींत ती चाल खेळलेला टर्न धरलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात एक कमीच. माझ्या टीमकडे यातलं एक आणि दुसऱ्याला थोपवायची एक युक्ती नसेल तर मी ती टीम घेऊन घराबाहेर पडत नाही.

---

जुना_ट्रेनर | १५ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:४०

आता आवडत्या पोकेमॉनबद्दल, काल राहिलं होतं.

२०१४, वॉशिंग्टन डी.सी., जागतिक स्पर्धा. दक्षिण कोरियाचा से जुन पार्क पाचिरिसू घेऊन विजेता झाला. पाचिरिसू म्हणजे छोटी पांढरी-निळी खार. तेव्हा कोणीही तिला स्पर्धेच्या लायकीचं मानत नव्हतं. लोक ही गोष्ट "मनापासून प्रेम केलं की आवडता जिंकतो" अशी सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्यात त्याच्या विचाराला श्रेयच मिळत नाही.

त्याच्या टीममध्ये मेगा गायराडोस होता. मेगा व्हायच्या आधी गायराडोस पाणी आणि फ्लाइंग, म्हणून विजेचा मार चौपट. त्याला वाचवायला शेजारी असा कोणी हवा जो वीज अंगावर ओढून घेईल आणि स्वतः टिकेल. पाचिरिसूकडे फॉलो मी, म्हणजे समोरच्यांचे एकावर रोखलेले हल्ले तिच्याकडे वळतात. आणि तिची क्षमता व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब, म्हणजे वीज लागली की उलट रक्त वाढतं. हातात सिट्रस बेरी, ईव्ही सगळे टिकण्यासाठी. वर सुपर फँग, जो समोरच्याचं उरलेलं रक्त थेट निम्म्यावर आणतो, त्यामुळे तिचा स्वतःचा अटॅक कमी असला तरी बिघडत नाही. त्या टीममध्ये एक मोकळी जागा होती, तिच्या मापाचा पोकेमॉन त्याने शोधला. ती खार निघाली.

तेव्हा कृष्णाकाठ, चारिझार्डला हाच प्रश्न विचार: याच्याशिवाय कोणतं काम होणार नाही? उत्तर आहे, पण ओयूमध्ये नाही. चारिझार्डची लपलेली क्षमता सोलर पॉवर. उन्हात त्याचा स्पेशल अटॅक दीडपट, बदल्यात दर टर्नला एक अष्टमांश रक्त जातं. उन्हात फायर हल्ला दीडपट. तो स्वतः फायर, म्हणून आणखी दीडपट. तिन्ही गुणलेस की साधारण ३.४ पट. असा मार झेलणारे खालच्या टियरमध्ये फार कमी. ज्या टियरमध्ये ड्रॉटला (ऊन पाडणाऱ्या क्षमतेला) परवानगी आहे तिथे ऊन पाडणारा एक जण घे, चारिझार्डला हेवी-ड्यूटी बूट्स दे, म्हणजे दगड टोचणार नाहीत. लाइफ ऑर्ब नको, सोलर पॉवर आधीच रक्त पितंय. त्या टीमचा केंद्रबिंदू चारिझार्डच असेल, बाकी पाच त्याच्यासाठी. टियरचे नियम आधी वाच, ते बदलत असतात.

---

पाऊसपाणी | १५ सप्टेंबर २०२४, सकाळी १०:२५

+१. खालच्या टियरला लोक कमी समजतात म्हणून थोडं लिहितो. टियर वापरावरून ठरतात, ताकदीच्या मोजपट्टीवरून नाही. ४.५२ टक्के हा आकडा आहे. १५ डाव खेळलात तर तो पोकेमॉन एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी, असा त्याचा अर्थ. त्याहून कमी वापरला जाणारा खाली सरकतो. खाली गेलेला पोकेमॉन वाईट असतो असं नाही, त्याचं काम वर कोणीतरी दुसरा करत असतो. खालच्या टियरमध्ये खेळ तेवढाच कठीण आहे आणि चारिझार्डसारख्यांना तिथे हक्काची जागा आहे.

---

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर २०२४, रात्री ९:१५

विसर्जन झालं, हॉस्टेलवर परत आलो. दादांनी सांगितलेली टीम रोज खेळतोय आणि १४०० च्या वर टिकलोय. विश आणि फ्लिप टर्न जमायला लागल्यापासून डाव लांबतात, पण घाबरायला होत नाही. पूर्वी दोन पडले की हात गळायचे. आता दोन पडले तर किंगॅम्बिट २० टक्के वाढला असं डोक्यात येतं.

रात्रपाळी यांचं ऐकून हरलेल्या प्रत्येक डावाचा रिप्ले बघतो आणि कुठल्या टर्नला हरलो ते लिहून ठेवतो. त्या वहीत एकच गोष्ट सारखी येतेय: फेअरी. ड्रॅगापल्ट, गारचॉम्प, टस्क तिघांनाही दुप्पट. झेलणारा फक्त गोल्डेंगो. समोर आयर्न व्हॅलियंट आला की मी गोल्डेंगो आत टाकतो, तो एक-दोनदा झेलतो, मग संपतो. गारचॉम्प काढून कोणी स्टील घेऊ का?

---

आकडेमोड | २१ सप्टेंबर २०२४, रात्री ९:५०

लगेच माणूस बदलू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि आठवडाभर बघ, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

गारचॉम्पचा टेरा काय ठेवलायस? तो स्टील कर. टेरा झाला की त्याला फेअरी निम्मंच लागेल आणि आइसचा चौपट मारही निम्म्यावर येईल. टेरा डावात एकदाच मिळतो, म्हणून समोर फेअरी दिसली तर तो किंगॅम्बिटवर खर्च करायचा नाही, हे टीम प्रिव्ह्यूमध्येच (डावाआधी समोरचे सहा दिसतात तेव्हाच) ठरव.

---

जुना_ट्रेनर | २१ सप्टेंबर २०२४, रात्री १०:३०

टेरा स्टील बरोबर. त्यात एवढीच भर. तू गोल्डेंगोला सुरुवातीपासून कशावरही आत टाकतोस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय. समोर व्हॅलियंट असेल तर त्या डावात गोल्डेंगो राखून ठेवायचा. त्याचं एकूण रक्त ईव्ही न घालता ३१५ आणि माशाचा विश २६७. म्हणजे त्याने एकदा फेअरीचा मार खाल्ला तरी एका विशमध्ये तो जवळपास पूर्ण भरतो. पण ते विश आधीच टस्कवर उधळलेलं नसावं. कोणाला कधी भरायचं याचा क्रम समोरच्याचे सहा बघून पहिल्या टर्नच्या आधी ठरव.

आणि स्कार्फमुळे गोल्डेंगो एका चालीत अडकतो, हे समोरच्यालाही माहीत असतं. मेक इट रेन मारलास की पुढच्या टर्नला तो स्टील झेलणारा आणणार. तेव्हा परत मारू नकोस, टस्क आत आण. फेअरीने हरलेले दोन-तीन रिप्ले इथे टाक, कुठल्या टर्नला काय करता आलं असतं ते बघू.